होडी जुनी, इंजिन नवे : कृष्णाकाठ ते कोकणकिनारा

लहान मासेमारी होडीला दोन वये असतात: एक लाकडाचे, दुसरे इंजिनाचे. सागाच्या फळ्यांची होडी दरवर्षी तेलपाणी करून राखली, तर तीस-चाळीस वर्षे चालते. तिच्या पोटातले इंजिन खाऱ्या हवेत त्याच्या निम्मेही टिकत नाही. त्यामुळे एकाच होडीत दोन-तीन इंजिने येऊन जातात, आणि दर वेळी मालकापुढे तोच प्रश्न उभा राहतो: जुन्या सांगाड्यात नवी ताकद घालावी, की होडीच मोडीत काढावी? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा प्रश्न साधारण १९५० नंतर आला. त्याआधी होडी शिडावर आणि वल्ह्यावर चालत होती. ज्या डिझेल इंजिनाने हा बदल घडवला, त्याच्या देशी कारखानदारीची मुळे मात्र समुद्रापासून दूर, पुणे-मिरज रेल्वेमार्गाच्या आसपास सापडतात. म्हणून ही हकिकत कोळीवाड्याआधी कृष्णेच्या काठावरून सुरू होते.

मिरज शहर नदीपासून काही किलोमीटर आत वसले आहे. शहराचा नदीशी संबंध येतो तो कृष्णाघाटावर. घाटासमोर, पलीकडच्या तीरावर, शिरोळ तालुक्यातले अर्जुनवाड आहे. थोडे वर सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांचा संगम होतो. या पट्ट्यात पूल नव्हते तेव्हा प्रत्येक मोठ्या गावाला उतार होता आणि उताराला नाव होती. शेत एका तीरावर आणि घर दुसऱ्या तीरावर असलेला कुणबी, बाजाराला निघालेली माणसे, शेळ्या, धान्याची पोती, लग्नाचे वऱ्हाड, सगळे त्याच नावेत बसत. नाव सपाट बुडाची, रुंद आणि जड असे. उथळ पाण्यात बांबूने ढकलायची, खोल पाण्यात वल्हे मारायचे. नावाड्याला दर फेरीला पैसे देण्यापेक्षा सुगीला धान्य घालण्याची रीत जुनी. म्हणजे नाव एका घराच्या ताब्यात असली, तरी तिचा खर्च गाव उचलत होते. पुढे कोकणातल्या होडीच्या मालकीची गोष्ट आली की हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

मासेमारीसाठी नदीत वेगळी, हलकी होडी चाले. भोई आणि कोळी समाजातली घरे पिढ्यान्‌पिढ्या या कामात होती. फेकजाळे टाकणारा एकजण आणि होडी स्थिर धरणारा दुसरा, एवढाच संच. मरळ, वाम, शिंगटी हे जुने मासे. रोहू-कटला मागाहून सोडलेले. होडी परवडत नसेल तिथे गुऱ्हाळातली उसाचा रस आटवायची लोखंडी काहीलच पाण्यात सोडली जाई. काठ उंच आणि तळ पसरट असल्याने ती दोन-तीन माणसे सहज तोलते, मात्र तिला नाळ नसल्याने ती सरळ जायचे सोडून गरगर फिरते. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी पुराच्या दिवसांत काहिलीतून माणसे बाहेर काढल्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत.

पुलांनी या नावांचे काम हळूहळू संपवले. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि तिच्यासाठी कृष्णेवर पूल आला. सांगलीचा आयर्विन पूल १९२९चा. त्यानंतर जो जो रस्ता डांबरी झाला, तिथली नाव काठावर पालथी पडली. मासेमारीची होडी टिकली, पण तिला इंजिन लागले नाही. नदीतला मासा काठापासून पन्नास-शंभर वावांवर असतो; तिथे पोहोचायला इंजिन कशाला? सांगली परिसरात होड्यांच्या शर्यतींनी वल्ह्याची कला जिवंत ठेवली. नदी भरून वाहत असताना लांब, निमुळत्या होड्या वल्हवणारे संघ आजही कृष्णेत उतरतात, आणि घाटावर माणसांची रीघ लागते.

इंजिन याच काठावर आले, पण ते पाण्यात न उतरता काठावरच उभे राहिले. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२च्या सुमारास कारखाना काढला. तिथे आधी नांगर तयार झाले आणि पुढे डिझेल इंजिने. भारतात डिझेल इंजिन बनवणाऱ्या पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४०मध्ये हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्याकडे गेला. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच दक्षिणेला, औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर, चरक आणि पाण्याचे पंप तिथून गावोगाव गेले. पंप चालवायला इंजिन हवे. ती गरज पुढे १९४६ साली पुण्यात खडकीला स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने मोठ्या प्रमाणावर भागवली. सातारा रोड, किर्लोस्करवाडी आणि मिरज ही तिन्ही स्थानके एकाच मार्गावर आहेत, हा योगायोग नव्हे. कच्चे लोखंड आणि कोळसा आत आणायचा आणि तयार माल बाहेर पाठवायचा, तर रूळ जवळ हवा होता.

या इंजिनांचे मूळ गिऱ्हाईक शेतकरी. कृष्णाकाठी मोटेच्या जागी इंजिन आले आणि मळ्यामळ्यातून त्याचा ठेका ऐकू येऊ लागला. एका सिलिंडरचे, मिनिटाला हजाराच्या आतबाहेर फेरे घेणारे, दोन्ही बाजूंना जड चाके असलेले हे यंत्र चालू करणे हेच एक कसब होते. झडप उघडी ठेवणारी खिट्टी वर करायची, हँडल दांड्याला लावून चाक फिरवायचे, वेग आला की खिट्टी खाली पाडायची. दाब बसतो, धूर निघतो आणि पहिला ठोका पडतो. हँडल वेळेवर सुटले नाही तर मनगट जाते. पाणी उपसणारे हेच इंजिन पट्टा बदलून पिठाची गिरणी चालवी, कडबा तोडी. जो कारागीर ते खोलून जोडू शके, त्याला पंचक्रोशीत मान होता. वीज आल्यावर मळ्यातली बहुतेक इंजिने गेली. पण कमी फेऱ्यांचे, जाड ओतकामाचे, कुठल्याही लोहाराला समजेल असे हे यंत्र होडीतही चालते, हे तोपर्यंत किनाऱ्यावर सिद्ध झाले होते.

किनाऱ्यावर एकच एक होडी कधीच नव्हती. उत्तरेकडे सातपाटी, वसई, वर्सोवा या भागात कोळ्यांच्या रुंद, खोल होड्या. त्या डोल जाळ्यासाठी बांधलेल्या: भरतीओहोटीच्या प्रवाहात खांब रोवून किंवा दोर बांधून जाळे धरायचे आणि बोंबील, जवळा, करंदी गोळा करायची. रत्नागिरीकडे पुढे झुकलेल्या नाळेचा, शिडावर चपळ धावणारा मचवा. मालवणकडे रापणीच्या होड्या आणि एका बाजूला उलांडी लावलेल्या अरुंद होड्या. कोळी, खारवी, भंडारी, गाबीत, दालदी या समाजांनी आपापल्या पाण्याप्रमाणे त्या घडवल्या. वारा, तळाची वाळू किंवा चिखल, खाडीच्या तोंडावरची फुटणारी लाट, सगळे त्या आकारात उतरलेले असे. एच. टी. सोर्ले यांचा मुंबई इलाख्यातील सागरी मासेमारीवरचा १९३३चा अहवाल ही शिडाच्या काळाची शेवटची मोठी नोंद म्हणता येईल. त्याआधी १९२१-२२मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाचे वाफेवरचे ट्रॉलर आणून मुंबईच्या समुद्रात चाचणी घेतली होती. परदेशी जहाज आणून मासेमारी सुधारण्याचा तो प्रयत्न पुढे रुजला नाही. कोळ्याच्या होडीला त्यातून काही मिळाले नाही.

प्रांताचे स्वतंत्र मत्स्यव्यवसाय खाते १९४५मध्ये आले आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून इंजिनासाठी कर्ज आणि अनुदान मिळू लागले. येथे महाराष्ट्राचा मार्ग केरळपेक्षा वेगळा पडला. भारत-नॉर्वे प्रकल्पाचा करार १९५२मध्ये झाला आणि कोल्लमजवळ नींडकरा येथे नव्या आराखड्याच्या होड्या बांधल्या गेल्या, कारण तिथल्या ओंडक्यांच्या कट्टुमरम आणि कोरीव होड्यांत इंजिन बसणेच शक्य नव्हते. मुंबई आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या नौकातज्ज्ञांना उलटे चित्र दिसले. सातपाटीची होडी जशी होती तशीच इंजिन पेलायला तयार होती. तिचा पठाण, म्हणजे तळाचा मुख्य वासा, सरळ होता. पोट रुंद होते. मागच्या बाजूला पंखा (प्रोपेलर) बसवायला जागा आणि आधार होता. शतकभर आधी वाऱ्यासाठी घडवलेला आकार डिझेलला मानवला. किनाऱ्यावरच्या मेस्त्र्यांच्या हाताला मिळालेली ही मोठी पावती आहे, आणि ती पुरेशी नोंदली गेलेली नाही. महाराष्ट्रातील यांत्रिक मासेमारीचा पाया परदेशी आराखड्याने घातलेला नाही. तो जुन्या होड्यांत इंजिन बसवून घातला गेला. सातपाटी हे गाव सहकारी मच्छीमार संस्थांच्या बाबतीतही पुढे होते, त्यामुळे कर्ज, इंजिन आणि डिझेल यांची सांगड तिथे लवकर बसली.

शिडाच्या होडीत इंजिन बसवणे म्हणजे मोकळ्या जागेत यंत्र ठेवणे नव्हे. काम पावसाळ्याआधी होडी वर ओढल्यावर सुरू होई. आधी लाकूड तपासायचे: मेस्त्री फळीवर हातोडीने टकटक करी आणि भरीव आवाज कुठे पोकळ होतो ते ऐके. कुजलेली फळी काढल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, हा नियम, कारण शीड होडीला ओढते आणि इंजिन तिला हादरवते. वाऱ्याचा जोर डोलकाठीतून सगळ्या सांगाड्यावर पसरतो. एका सिलिंडरच्या इंजिनाचा प्रत्येक ठोका मात्र त्याच चार बोल्टांतून त्याच दोन वाशांवर बसतो. म्हणून इंजिनाखालचा लाकडी पाया लांब घ्यावा लागे, आतल्या चार-पाच फासळ्यांवर त्याचा भार वाटावा लागे. आखूड पाया घातलेल्या होड्या दोन हंगामांत सांध्यांतून पाणी घेऊ लागत, आणि मालक दोष इंजिनाला देत.

त्यानंतर मागच्या खांबातून भोक पाडायचे. हातभर जाडीच्या, कधी आजोबांनी निवडून आणलेल्या लाकडातून लांब गिरमिटाने आरपार भोक पाडताना दोन्ही टोकांना सुतळी ताणून रेषा धरत. भोक बोटभर तिरके गेले तर शाफ्ट तिरका, शाफ्ट तिरका तर बुश झिजणार आणि पाणी आत येणार. भोकातून नळी, नळीतून शाफ्ट, आतल्या टोकाला पाणी अडवणारी ग्लँड. तिच्यात चरबी लावलेली सुती दोरी वेटोळे घालून दाबायची. ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी यायलाच हवे, तेच तिला थंड ठेवते. अगदी कोरडी घट्ट आवळली तर शाफ्टवर खाच पडते. नव्याने इंजिन घेतलेल्यांना हे पटायला वेळ लागला, कारण आत येणारे पाणी थांबवणे हाच नावाड्याचा पिढ्यांचा धर्म.

सगळ्यात नाजूक काम शेवटी असे. इंजिन आणि शाफ्ट यांच्या जोडतबकड्या समोरासमोर आणून दोहोंमधली फट चारही बाजूंनी पातळ पत्रीने मोजायची आणि इंजिनाच्या पायाखाली पाचर सारत ती फट सारखी करायची. हे काम किनाऱ्यावर पुरे करून चालत नाही. लाकडी होडी वाळूवर एका आकारात बसते आणि पाण्यात दुसऱ्या आकारात तरंगते. फळ्या फुगतात, पठाण किंचित वाकतो. म्हणून होडी पाण्यात सोडून, एक-दोन दिवस भिजू देऊन, मगच शेवटची फट मोजायची. किनाऱ्यावरच बोल्ट आवळून मोकळे झालेल्यांचे बुश त्याच हंगामात गेले. इंजिन थंड करायला समुद्राचे खारे पाणी थेट आत घेतले की ओतकाम आतून खाल्ले जाते, म्हणून पुढे गोड्या पाण्याचे बंद चक्र आणि तळाशी जस्ताचे तुकडे आले. जस्त आधी गंजते आणि पंखा वाचतो.

वजनाचाही हिशेब बदलला. शिडाच्या होडीत तोल राखायला तळाशी दगड असत. इंजिन आल्यावर दगड निघाले, डोलकाठी आखूड झाली किंवा गेली, आणि होडी मागे दबू लागली. रत्नागिरीच्या मचव्याला हे मानवले नाही. त्याची नाळ पुढे झुकलेली आणि मागचा भाग निमुळता, त्यामुळे इंजिनाच्या वजनाने तो मागे बसे. म्हणून दक्षिणेकडे नव्या होड्या बांधताना मागचा भाग रुंद करण्याची रीत पडली. एका पिढीत मचव्याची रेषाच बदलली. शिडाचा तो जुना, देखणा आकार आता प्रतिकृतींत आणि छायाचित्रांत पाहावा लागतो. ही हानी खरी आहे.

पहिली इंजिने लहान होती, साधारण १० ते ४० अश्वशक्तीची. तेवढ्यानेही दिवस बदलला. वारा पडला तरी होडी परतू शकत होती, खाडीच्या तोंडावरची ओहोटी अडवत नव्हती, आणि सकाळचा मासा सकाळीच लिलावाला पोहोचत होता. पण मालकीचे गणित त्याहून जास्त बदलले. शिडाच्या काळात नाखवा आणि खलाशी यांच्यात मासळीचे वाटे पडत: एक वाटा होडीचा, काही जाळ्यांचे, बाकी माणसांचे. जाळी बरेचदा खलाशांच्या घरची असत, त्यामुळे साधा खलाशीही थोडा मालक होता. इंजिन आल्यावर आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा होऊ लागला आणि मग उरलेल्याचे वाटे. कर्जाचा हप्ता मालकाच्या अंगावर, म्हणून होडी आणि इंजिनाचा वाटा वाढला. मोठ्या होड्यांवर पुढे पगारी खलाशी आले. आज रत्नागिरीच्या बंदरांत नेपाळमधून आलेले तरुण मोठ्या संख्येने काम करतात. मालकी किनाऱ्यावर उरली आणि समुद्राचे ज्ञान पगारावर गेले. इंजिनाने केलेला सर्वांत खोल बदल हाच मानला पाहिजे.

याच इंजिनाने मिरजेच्या बाजारातला मासाही बदलला. घाटावर कोकणचा मासा पूर्वी सुका येई: बोंबील, सुकट, जवळा, मिठासोबत बैलांच्या पाठीवर आंबा घाटातून. इंजिन, बर्फाचा कारखाना आणि ट्रक या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ आल्या, तेव्हाच रत्नागिरीचा ओला मासा एका रात्रीत कोल्हापूर, सांगली, मिरजेला पोहोचू लागला. यातली एक कडी तुटली तरी मासा सुकाच येणार होता. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आज मिरजेवरूनच जातो.

दुसऱ्या पिढीच्या इंजिनाने होडीचे नावच बदलले. किनाऱ्यावर आता होडी लांबीने ओळखत नाहीत, सिलिंडरने ओळखतात: दोन सिलिंडरची, चार सिलिंडरची, सहा सिलिंडरची. जुने संथ इंजिन काढून त्या जागी ट्रकमध्ये चालणाऱ्या जातीचे जलद इंजिन सागरी गिअरबॉक्ससह बसवणे १९८०नंतर सर्रास झाले. अशोक लेलँडची इंजिने यात आघाडीवर होती. कारण सोपे: त्यांचे सुटे भाग प्रत्येक महामार्गावर मिळतात आणि ट्रकचा मिस्त्री ती खोलू शकतो. ट्रॉलिंगचे जाळे ओढायला जोर लागतो, म्हणून अश्वशक्ती वाढत गेली. लहान मच्छीमार आणि ट्रॉलर यांच्यातले संघर्ष वाढल्यावर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ आला. किनाऱ्यालगतच्या ठरावीक वाव खोलीपर्यंतचे पाणी लहान होड्यांसाठी राखले गेले, आणि दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत सहाहून जास्त सिलिंडरच्या नौकांना राज्याच्या समुद्रात मज्जाव झाला. कायद्यानेही होडी सिलिंडरनेच मोजली. डिझेलवरच्या करपरताव्यासाठीही अश्वशक्ती बघितली जाऊ लागली. त्यामुळे जुन्या होडीत कोणते इंजिन घालावे हा निर्णय यंत्राचा राहिला नाही, परवान्याचा झाला.

या चढाओढीत एक साधी गोष्ट मागे पडली. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. ही लांबी ३६ फूट असेल, तर आठ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटरला, ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. त्यापुढे इंजिन दुप्पट केले तरी वेग दुप्पट होत नाही. डिझेल मात्र होते. आठवरून सात नॉटवर उतरले, तर लागणारी ताकद साधारण दोन तृतीयांश उरते. शंभर अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण जोरावर तासाला २० ते २५ लिटर तेल पिते, हे धरले तर एका रात्रीचा फरक घरखर्चाएवढा होतो. अन्न व शेती संघटनेच्या बंगालच्या उपसागर कार्यक्रमात १९८०च्या दशकात हेच मोजून मांडले गेले: इंजिन मोठे करण्याआधी मोठ्या व्यासाचा, कमी फेऱ्यांचा पंखा लावा आणि तळ शेवाळापासून स्वच्छ ठेवा. शिडावर वाढलेल्या तांडेलाला हे सांगावे लागत नव्हते. वाऱ्यात होडी कुठे अडते हे त्याच्या हाताला कळत होते.

केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या २०१०च्या गणनेत महाराष्ट्रात १७ हजारांवर मासेमारी नौका नोंदल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे १३ हजार यांत्रिक होत्या. फक्त वल्हे-शिडाच्या तीन हजारांहूनही कमी उरल्या. उरलेल्यांना बाहेरून टांगायचे इंजिन होते. हे टांगते इंजिन लहान होडीच्या मालकाचे खरे साधन: भोक पाडायला नको, पाया नको, संध्याकाळी काढून घरी नेता येते. वर्षानुवर्षे ते केरोसीनवर चालले. केरोसीन मिळेना झाल्यावर पेट्रोलचा खर्च अंगावर आला. याच काळात सागाचे भाव चढले आणि लाकडाची जागा फायबरने घेतली. फायबरचा सांगाडा कुजत नाही, पण त्यात इंजिनाचा पाया लाकडाइतका सहज बदलता येत नाही. मेस्त्री कमी झाले आणि हातोडीने फळी ऐकणारे कान त्याहून कमी.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात. इंजिन खोलण्याचा, लायनर-पिस्टन पाहण्याचा, ग्लँडची दोरी बदलण्याचा हाच काळ. किनाऱ्यावरची जुनी होडी या दोन महिन्यांमुळे टिकते.

कृष्णेच्या खोऱ्यात होडीला इंजिन लागण्याची वेळ वेगळ्या कारणाने आली. १९६०च्या दशकात कोयना धरण झाले, शिवसागर जलाशयाने जावळीतली गावे आणि वाटा बुडवल्या, आणि बामणोली-तापोळ्याच्या रहिवाशांना लाँचशिवाय पलीकडे जाणे अशक्य झाले. खाली सांगली-मिरजेत ती वेळ पुराने आणली. आधी २००५चा पूर आला, आणि त्याहून भयंकर ऑगस्ट २०१९चा. २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराचे मोठे भाग बुडाले, वाहतूक तुटली. नव्वद वर्षे पुलांनी जे काम नावेकडून काढून घेतले होते, ते एका आठवड्यात नावेकडे परत आले. सैन्य, नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या टांगत्या इंजिनाच्या रबरी बोटी आल्या. गावोगावच्या भोई-कोळ्यांनी आपल्या होड्याही काढल्या. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटून डझनाहून अधिक लोक बुडाले. त्यात स्त्रिया आणि मुले होती. पुराच्या पाण्यात झाडांचे शेंडे, तारा आणि कुंपणे दिसत नाहीत. तिथे बोटीत किती माणसे घ्यायची आणि पंखा कधी वर उचलायचा, हे रोज पाणी हाताळणाऱ्यालाच ठाऊक असते.

२०१९नंतर पूरप्रवण गावांसाठी इंजिनाच्या बोटी घेतल्या गेल्या. त्यांचा प्रश्न समुद्रावरच्या होडीच्या नेमका उलटा आहे. तिथे इंजिन वापराने झिजते, इथे न वापरल्याने. वर्षभर शेडमध्ये पडलेल्या टांगत्या इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल चिकट होऊन बसते, पाण्याच्या पंपाचे रबरी पाते कडक होते आणि पुराच्या रात्री दोरी ओढून हात दुखतो. कृष्णाघाटापासून हरिपूरपर्यंतच्या ज्या गावाकडे अशी बोट असेल, त्याने जूनची वाट पाहू नये. महिन्यातून एकदा ती पाण्यात उतरवावी, नदीवर रोज जाणाऱ्या भोई किंवा कोळी घरातल्या माणसाच्या हाती इंजिन द्यावे, ताज्या पेट्रोलवर अर्धा तास चालवावे, आणि बोटीच्या काठावर माणसांची मर्यादा मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवावी.